सडपातळ देह, मेदाळ यकृत: सिंगापुरातील मोजपट्टीचा प्रश्न

चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या सिंगापुरात फॅटी लिव्हरचा धोका ओळखताना सर्वांना एकच मोजपट्टी पुरत नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. सिंगापुरात जोखीम 25 ऐवजी 23 पासून धरली जाते.

सोनोग्राफीत यकृतातील मेद दिसतो. पण खरा धोका असतो तो व्रणांचा, म्हणजे फायब्रोसिसचा. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट यांवरून काढलेला ‘फिब-4’ निर्देशांक 1.3 पेक्षा कमी असल्यास प्रगत फायब्रोसिसची शक्यता कमी असते. अधिक असल्यास फायब्रोस्कॅनसारखी पुढील तपासणी करतात. सूत्रात वयाचा समावेश असल्याने पस्तिशीच्या आत हा निर्देशांक कमी विश्वासार्ह ठरतो, तर पासष्टीनंतर मर्यादा 2.0 धरतात.

एएलटी सामान्य असतानाही आजार बळावू शकतो. त्यामुळे मधुमेह असलेल्या, किंवा कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपर्यंत पोहोचलेल्या मराठी माणसाने केवळ वजन आटोक्यात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. डॉक्टरांकडे ‘फिब-4’ची विचारणा करावी.