सगळे सारख्याच अंतरावर

गणपतीच्या आधी पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव रंगात येतो. चाळीस-पंचेचाळीस वादकांचा साध्या कॅमेऱ्याने ग्रुप फोटो काढला, की वर आभाळ, खाली मैदान आणि मधे चेहऱ्यांची बारीकशी पट्टी येते. म्हणून एका पथकासाठी मी पॅनोरॅमिक फिल्म कॅमेरा वापरून पाहिला. होरायझन २०२, रशियातल्या क्रास्नोगोर्स्कचा.

याची २८ मिमीची लेन्स एका ड्रममध्ये बसवलेली असते. बटण दाबलं की ड्रम फिरतो आणि मागच्या उभ्या फटीतून फिल्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाश पडत जातो. फिल्मही आत कंसात वळवलेली. १२० अंशांचं दृश्य त्यात मावतं आणि निगेटिव्ह ५८ मिमी लांब निघते. नेहमीची ३६ मिमीची असते.

मात्र माणसं सरळ रांगेत उभी केली, तर मधली मोठी आणि टोकाची बारकी दिसतात, कारण टोकाची माणसं लेन्सपासून खरंच लांब असतात. यावरचा तोडगा जुना आहे. १९०४ साली पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा तिवईवर स्वतःच फिरायचा आणि अमेरिकेतल्या पलटणी, शाळा त्याच्याभोवती कंसात उभ्या राहायच्या. त्याची फेरी इतकी सावकाश, की एखादा चपळ पोरगा मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकालाही फोटोत यायचा!

आम्हीही तेच केलं. तिवईच्या बरोबर खाली खिळा ठोकला, त्याला १२ फुटांची दोरी बांधली आणि फक्कीने कंस आखला. त्याची लांबी भरते २५ फूट. पुढे बारा जण मांडी घालून, त्यांच्यामागे काही गुडघ्यांवर, शेवटची रांग उभी. ढोल टोकांना रचले. कंसाच्या आत ठेवलेला ढोल माणसापेक्षा मोठा दिसतो.

मग पाणसळ. कॅमेऱ्यावरचा बुडबुडा जरा जरी सरकला, तरी क्षितिज वाकतं, त्यामुळे इथे घाई नकोच. उजेडाचंही तसंच. कंसातल्या प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं. ऊन असेल तर एका टोकाचे डोळे मिचकावतात आणि दुसऱ्या टोकाच्या चेहऱ्यांवर सावली येते. श्रावणातलं ढगाळ आभाळ या कामाला सर्वांत उत्तम. ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म, एफ/८, १/१२५ सेकंद.

फोटोत कंसातले वादक सरळ रांगेत आले आणि मागची सरळ भिंत मात्र मधे फुगली. पुढच्या रांगेतला प्रत्येक चेहरा निगेटिव्हवर जेमतेम पावणेदोन मिमीचा, पण मधल्याचा जेवढा, तेवढाच टोकाच्याचा. ग्रुप फोटोत मला हेच हवं होतं. पथकात काल आलेल्या पोरीचाही चेहरा प्रमुखाइतकाच मोठा दिसला पाहिजे.

दोन फूट रुंदीच्या प्रिंटवर हे चेहरे सहज ओळखू येतात. घरी प्रिंट काढणार असाल, तर ३५ मिमीचा एन्लार्जर पुरत नाही, मध्यम फॉरमॅटचा लागतो. आणि रोल धुवायला देताना लॅबवाल्याला आवर्जून सांगा, पट्टी कापू नका. नेहमीच्या मापाने कात्री चालवली, तर ती कुणाच्या तरी चेहऱ्यातून जाईल.