चौकट कुजली? खालचाच तुकडा बदलू या

पावसाळा सरला की आपण दाराशी जरा खाली वाकून बघू या. उंबरठ्याजवळ चौकट काळी, पोचट झालेली दिसली की कुणीतरी लगेच म्हणतं, "अख्खी चौकटच बदला." पण घाई नको. जुन्या दगडमातीच्या घरात चौकट भिंतीचा भारही पेलते. ती उपसली तर भिंत हलते आणि खर्च वाढतो. पुष्कळदा कुजलेलं असतं ते खालचं वीतभर लाकूड.

आधी दाभण घ्या आणि खालून वर टोचत जा. जिथे ते सहज आत शिरतं तिथवर लाकूड गेलेलं. त्याच्या वर दोन इंच, चांगल्या लाकडावर खूण करा.

मग कारण शोधा. पागोळ्यांचं पाणी उडतं का? फरशी धुतल्यावर पाणी तिथेच साचतं का? मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. वरून रॉकेल ओतलं तर समोरची वाळवी मरते, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं. कारण न काढता नवं लाकूड बसवलं तर तेही जाणार.

सुताराला सांगा, काप तिरका घ्या आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे सांध्यात पाणी थांबत नाही. वर भार असेल तर टेकू दिल्याशिवाय कापू नये. सागवानाला सागवानच जोडा. पाडलेल्या घराचं जुनं, वाळलेलं लाकूड मिळालं तर उत्तम. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि फट पडते. लाकडाच्या रेषा उभ्याच जुळवा. तुकड्याच्या तळाला आधीच रंग द्या आणि तो जमिनीपासून पाव इंच वर ठेवा, कारण लाकूड तळातूनच जास्त पाणी ओढतं.

चौकटीच्या कडेला गोलाई किंवा खाच असेल, तर चांगल्या भागाला तेलाचं बोट लावून चिकणमातीचा गोळा दाबा. उठलेला ठसा सुताराला दाखवा, तसाच आकार उतरेल. बारीक भेगांत त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरा.

रंग आधी उरलेल्या तुकड्यावर लावा. पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात जुन्या चौकटीशी ताडून बघा, मगच दारावर लावा.

एक सावधगिरी पाळू या. घरगुती रंगात शिशाची मर्यादा घालणारा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लेकरांच्या मेंदूला घातक असतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, जाळू तर नकाच. ओला करून खरवडा, नाकातोंडावर बारीक धूळ रोखणारा मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि खपल्या गोळा करून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या, उघड्यावर टाकू नका.

दार रोज उघडतो, पुसतो, पूजतो आपण. मग सुतार आला की कुठवर कापायचं हेही आपणच दाखवू या.