कैदेतला राजा आणि त्याचं बिल

19 सप्टेंबर 1356 ची संध्याकाळ. फ्रान्समध्ये प्वातिए शहराजवळ इंग्रजांच्या छावणीत पंगत बसली होती. मानाच्या जागी होता फ्रान्सचा राजा जाँ दुसरा. त्याच दिवशी याच इंग्रजांकडून हरलेला, कैद झालेला. आणि त्याला वाढत होता खुद्द विजयी सेनापती, इंग्लंडचा युवराज एडवर्ड! हा प्रसंग सांगणारा फ्र्वासार हा इतिवृत्तकार तिखटमीठ लावण्यात तरबेज होता, हे खरं. पण ही अदब निव्वळ दिखाऊ नव्हती. मेलेल्या राजाचे पैसे येत नाहीत, जिवंत राजाचे येतात.

त्या काळी युद्धकैदी ही पकडणाऱ्याची मालमत्ता असे. त्याची खंडणी ठरे, तो हक्क विकताही येई. राजा देनी द मोरबेक नावाच्या हद्दपार फ्रेंच सरदाराला शरण गेला, पण ‘मीच पकडला’ म्हणणारे आणखीही निघाले आणि हे भांडण पुढे बराच काळ चाललं. राजाला मात्र लंडनला नेलं, थेम्सकाठच्या सॅव्हॉय राजवाड्यात ठेवलं. तिथे त्याचा थाट राजाचाच होता.

इकडे फ्रान्सची दशा पाहा. कारभार अठरा वर्षांच्या युवराज चार्ल्सकडे आला. फेब्रुवारी 1358 मध्ये पॅरिसच्या व्यापाऱ्यांचा पुढारी एतियन मार्सेल जमाव घेऊन राजवाड्यात शिरला आणि युवराजाच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन सेनाधिकारी कापले गेले. मे महिन्यात पॅरिसच्या उत्तरेकडचे शेतकरी उठले, सरदारांच्या गढ्या जाळू लागले. रक्षण करायचं म्हणून ज्यांनी आजवर शेतकऱ्यांकडून वसुली केली, त्या सरदारांपैकी बरेच प्वातिएच्या रणांगणातून पळाले होते. शेतकऱ्यांचा संताप समजण्यासारखाच होता. सरदारांनी तो काही आठवड्यांत रक्तात बुडवला.

अखेर 1360 मध्ये ब्रेतिन्यी इथे तह झाला. नैऋत्येचा प्रचंड मुलूख इंग्लंडला, आणि राजाची किंमत तीस लाख सुवर्ण-एक्यू. दोन एक्यू म्हणजे इंग्लंडचं एक नोबल नाणं, असा दर तहातच लिहिला होता. त्या हिशेबाने हे सोनं अकरा टनांहून जास्त भरतं! एका माणसासाठी!

एवढं आणायचं कुठून? राजाने अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं, इझाबेलचं, लग्न मिलानच्या विस्कोंती घराण्यात लावून त्यांच्याकडून भरघोस रक्कम घेतली. पण खरी गंमत 5 डिसेंबर 1360 च्या फर्मानात आहे. बहुतेक मालाच्या विक्रीवर शेकडा पाच, वाइनवर तेरावा हिस्सा, मिठावर पाचवा हिस्सा कर. जोडीला नवं सोन्याचं नाणं: घोड्यावर स्वार, हाती तलवार उपसलेला राजा. शत्रूच्या कैदेतून नुकत्याच सुटलेल्या माणसाचं हे चित्र! या नाण्याचं नाव फ्रँक. मधले मोठे खंड सोडले, तर ते नाव 2002 मध्ये युरो येईपर्यंत फ्रान्सच्या चलनात टिकलं.

राजा सुटला, पण उरलेल्या खंडणीसाठी त्याची मुलं, नातलग आणि बडे सरदार इंग्रजांकडे ओलीस होते. त्यांतला मुलगा लुई 1363 मध्ये इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटला. मग जानेवारी 1364 मध्ये राजा आपणहून लंडनला परतला! शब्दाची चाड, की खंडणीची घासाघीस? मला दोन्ही वाटतं. त्या काळच्या सरदारी जगात या गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. 8 एप्रिलला तो सॅव्हॉयमध्येच वारला.

ती खंडणी पूर्ण कधीच चुकती झाली नाही. गादीवर आलेल्या चार्ल्सने कर मात्र चालू ठेवले आणि 1369 मध्ये पुन्हा युद्ध पेटल्यावर तो पैसा सैन्याकडे वळवला. 1380 मध्ये तो वारला तेव्हा ब्रेतिन्यीला गमावलेला बहुतेक मुलूख फ्रान्सकडे परत आला होता.