डिझेलचा काटा खोटं बोलतो तेव्हा



जुनी जीप, जुनी अँबॅसिडर अजून कितीतरी वस्त्यांवर आहे. अँबॅसिडरचे उत्पादन 2014 साली थांबले, पण दारातली गाडी बाजाराला, लग्नकार्याला, दवाखान्याला धावतेच आहे. अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असते, मात्र डॅशबोर्डवरच्या डिझेलच्या काट्याचा भरवसा राहत नाही. काटा अर्धी टाकी दाखवतो आणि गाडी माळावर बंद पडते. रात्रीची वेळ आणि आत अडलेली बाळंतीण असली म्हणजे मग काय करायचे? डिझेलच्या गाडीत नुसता डबा आणून ओतला म्हणजे भागत नाही. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते आणि ती हवा काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. म्हणून काट्याची खोड किरकोळ समजू नका.

काटा हलतो कसा?

टाकीत एक तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. डिझेल वर-खाली झाले की फ्लोट आणि त्याची दांडी वर-खाली होते. दांडीचे दुसरे टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकते. त्यामुळे वीज कमी-जास्त जाते आणि तेवढा मीटरचा काटा हलतो. ही वीज मीटरमधून एका वायरने टाकीवरच्या युनिटपर्यंत येते आणि गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थिंगमधून, बॅटरीकडे परत जाते.

म्हणजे दोष तीनच ठिकाणी सापडायचा : मीटरमध्ये, वायर-अर्थिंगमध्ये, नाहीतर टाकीतल्या युनिटमध्ये. कोणत्या ठिकाणी आहे हे कळल्याशिवाय नवा भाग विकत घेऊ नका. मीटर बदलले आणि दोष गंजलेल्या अर्थिंगचा निघाला, असे नेहमी घडते.

तपासणी अशी करा

1. किल्ली फिरवून बाकीचे मीटर बघा. सगळेच मेलेले असतील तर आधी फ्यूज तपासा. जळलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच ताकदीचा फ्यूज घाला, तारेचा तुकडा नको. डिझेलचा आणि पाण्याच्या उष्णतेचा, असे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील, तर काही गाड्यांत या दोघांना सारखी वीज पुरवणारी एक छोटी डबी मीटरच्या मागे असते, तिच्यावर संशय घ्या.

2. मग अर्थिंग. टाकीच्या युनिटच्या धातूच्या भागापासून चॅसीच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत एक जादा वायर जोडा. काटा ठिकाणावर आला, तर दोष अर्थिंगचाच. जुने टोक काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा. काम झाले, खर्च काही नाही.

3. तरीही सुधारले नाही तर किल्ली बंद करा आणि युनिटवरची वायर सोडवा. टोक कुठे टेकू देऊ नका. आता किल्ली चालू करून अर्धा मिनिट थांबा आणि काटा कुठे राहतो ते बघा. किल्ली पुन्हा बंद करा. तेच टोक चॅसीला पक्के जोडा आणि मगच किल्ली फिरवा. काटा दुसऱ्या टोकाला जाऊ लागला की लगेच किल्ली बंद. काही गाड्यांत तो रिकाम्याकडून भरल्याकडे जातो, काहींत उलट. दिशा पाठ करू नका, दोन्ही टोके दिसली पाहिजेत, एवढेच. दिसली, तर मीटर आणि वायर चांगली आहे. दोष टाकीतल्या युनिटचा.

4. काटा हललाच नाही, तर हीच परीक्षा डॅशबोर्डच्या मागे मीटरजवळ करा. तिथे हलला, तर मधली वायर तुटली आहे. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराने वायर कुरतडलेली असते, तेही बघा. तिथेही हलला नाही, तर मीटर खराब आहे किंवा मीटरपर्यंत वीजच येत नाही.

युनिटच्या खोडी ओळखायला सोप्या आहेत. फ्लोट फुटून आत डिझेल शिरले की तो बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो. काढून कानाशी हलवला तर आत खळखळ ऐकू येते. दांडी अडकली की काटा एकाच जागी बसतो. गुंडाळी एका जागी झिजली, तर टाकी तेवढ्या पातळीवर आली की काटा दर वेळी दगा देतो. चढ-उतारावर काटा थोडा हलला, तर मात्र तो दोष नव्हे.

जिवाची काळजी आधी

टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये. म्हणूनच वरची प्रत्येक जोडणी किल्ली बंद ठेवूनच करा. पेट्रोलच्या गाडीत तर हे दुप्पट पाळा. युनिट काढण्याआधी बॅटरीची वायर सोडवा आणि काम उघड्यावर करा. विडी, चूल, कंदील लांब ठेवा. आत किती आहे ते बघायला काडी ओढणे म्हणजे मरणाला बोलावणे. फुटलेल्या फ्लोटला घरी डाक देऊ नका, आतल्या वाफेचा भडका उडतो. युनिट परत बसवताना नवे पॅकिंग घाला.

दुरुस्ती होईपर्यंत

टाकीचे तोंड सरळ असेल तर वाळलेल्या लाकडाची एक स्वच्छ काठी करा. टाकी संपत आली असताना गाडी सपाट जागी उभी करा, पाच-पाच लिटर डिझेल घालत जा आणि दर वेळी काठी बुडवून खूण करा. आधी उरलेले डिझेल हिशेबात धरू नका, ते अडीअडचणीला राहू द्या. काठी सावकाश सोडा, फ्लोटला धक्का नको. तोंड वाकडे असेल, तर भरलेले लिटर आणि चाललेले किलोमीटर वहीत लिहा.

आणि एक सवय लावून घ्या : रात्री गाडी लावताना टाकी निम्म्याच्या खाली असू नये. दवाखान्याची वेळ सांगून येत नाही.