मनात येणारे नको ते विचार : लपविला जाणारा, परंतु बरा होणारा आजार

बाळंतपण सुखरूप पार पडले आहे. घरात बारशाची तयारी चालू आहे. परंतु बाळाच्या आईचे चित्त थाऱ्यावर नाही. विळी दिसली की ती दचकते. बाळाला न्हाऊ घालण्याचे काम ती सासूबाईंवर सोपविते. घरात एकटी राहण्यास ती घाबरते. आपल्याच हातून आपल्या बाळाला इजा होत असल्याचे चित्र दिवसातून अनेक वेळा तिच्या मनात उभे राहते आणि तिचा थरकाप होतो. हे सांगितले तर लोक काय म्हणतील, बाळ आपल्यापासून दूर नेतील काय, या भीतीने ती कोणाजवळ चकार शब्द काढीत नाही.

अशी माता दुष्ट नसते आणि तिला वेडही लागलेले नसते. तिला एक आजार झालेला असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

आजाराचे स्वरूप

मंत्रचळ म्हटले की वारंवार हात धुणारी किंवा दाराचे कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. वैद्यकीय परिभाषेत या आजारास ‘कल्पना-कृती अनिवार्यता विकार’ किंवा ‘ओसीडी’ असे म्हणतात. शंभरांपैकी साधारणपणे एक ते तीन व्यक्तींना आयुष्यात केव्हा तरी हा आजार होतो. त्याच्या एका प्रकारात हाताच्या कृती फारशा दिसत नाहीत. सारी झुंज मनातच चालते. जवळच्या माणसास इजा करण्याचे, देवाविषयी अभद्र बोलण्याचे किंवा निषिद्ध लैंगिक स्वरूपाचे विचार इच्छेविरुद्ध मनात घुसतात. जे माणसाला सर्वांत प्रिय व पवित्र, नेमका त्यावरच या विचारांचा घाला पडतो. भाविकाला देव्हाऱ्यासमोर शिवी सुचते आणि मायाळू आईला बाळाच्या इजेचे चित्र दिसते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा आजार सुरू होण्याची किंवा बळावण्याची शक्यता अधिक असते.

विचार म्हणजे इच्छा नव्हे

असे विचार केवळ रुग्णांनाच येतात, हा समज खरा नाही. रॅकमन व डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी बहुसंख्यांनी असे नकोसे विचार आपल्याही मनात येतात असे सांगितले होते. फरक पडतो तो त्यापुढे. निरोगी माणूस असा विचार आला तरी तो झटकून आपल्या कामाला लागतो. रुग्ण मात्र ‘असा विचार आला त्या अर्थी मी तसाच असलो पाहिजे’ असा निष्कर्ष काढतो आणि त्या विचाराशी झगडू लागतो. तो मनातल्या मनात क्षमा मागतो, ठरावीक वेळा जप करतो, सुऱ्या-कात्र्या लपवितो, ‘माझ्या हातून असे होणार नाही ना?’ असे घरच्यांना विचारीत राहतो. त्यामुळे घटकाभर बरे वाटते. परंतु शंका पुन्हा डोके वर काढते आणि चक्र चालू राहते. विचार बळाने दाबावा, तर तो अधिकच उसळी घेतो.

या विचारांची रुग्णाला किळस व भीती वाटते, आणि त्या भीतीपोटीच तो प्रिय व्यक्तीपासून दूर राहतो. ते विचार कृतीत आणण्याकडे त्याचा कल नसतो. मात्र बाळंतिणीला भास होत असतील, कोणी आज्ञा देत असल्याचे आवाज ऐकू येत असतील किंवा बाळाविषयी विपरीत समजुती तिला खऱ्याच वाटत असतील, तर तो निराळा व गंभीर आजार होय. अशा वेळी तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविल्यासही विलंब करू नये.

उपचार

लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली मांडलेल्या पद्धतीतून या आजारावरील प्रभावी मानसोपचार विकसित झाला. भीती वाटणाऱ्या प्रसंगांना रुग्णाने पायरीपायरीने सामोरे जावयाचे आणि त्या वेळी नेहमीची खातरजमा किंवा जप करावयाचा नाही, हे त्याचे सूत्र आहे. वर सांगितलेली माता प्रथम कोणी जवळ असताना बाळाला न्हाऊ घालील, पुढे एकटी. बाळ शेजारी निजलेले असताना ती विळीवर भाजी चिरील. भीती येते, काही वेळ राहते, आणि काहीही न करता ओसरते, हा अनुभव तिला वारंवार मिळाला की विचाराचा धाक कमी होतो. हे सारे प्रशिक्षित तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली व्हावे.

फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधेही गुणकारी आहेत. त्यांचा पुरेसा परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. म्हणून पंधरा दिवसांत गुण नाही, या कारणाने ती सोडू नयेत. बरे वाटल्यावरही ती एकाएकी बंद करू नयेत. स्तनपान चालू असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे. त्या काळातही देता येतील अशी औषधे आहेत.

कुटुंबाचे कर्तव्य

घरच्यांनी रुग्णाला दूषणे देऊ नयेत, तसेच अंगारे-धुपाऱ्यांत वेळ दवडू नये. दर वेळी दिलासा देत राहिल्याने आजारच पोसला जातो. ‘ही तुझ्या आजाराची शंका आहे, आपण तिला उत्तर देणार नाही’ असे प्रेमाने सांगावे. बाळाला आईपासून तोडणे हा तर उपाय नव्हेच.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाला आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क आहे.

मनातला विचार उघड केला तर अब्रू जाईल, या भीतीने अनेकजण वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्यांनी डॉक्टरांजवळ उच्चारलेले पहिले वाक्य हीच उपचाराची सुरुवात होय. ते वाक्य निर्भयपणे उच्चारता येईल असे वातावरण घराघरांत निर्माण करणे, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.