पस्तीस दिवसांनंतर

व्यसनमुक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केंद्र येते आणि मनोविकार म्हटले की इस्पितळ. पेशंटला तिथे नेऊन सोडले, महिना-सव्वा महिन्याने परत आणले, की घरच्यांना काम झाल्यासारखे वाटते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. माणूस परततो ते त्याच गल्लीत, त्याच कर्जात, त्याच मित्रांत. गुत्ता तिथेच असतो आणि पगाराचा दिवसही तोच. अशा वेळी त्याच्या मदतीला गावात, वस्तीत कोण आहे? महाराष्ट्र आणि गोव्यात गेल्या चार दशकांत जी कामे उभी राहिली, त्यांचा आढावा याच प्रश्नाच्या अंगाने घ्यायला हवा.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दारूच्या समस्येने ग्रासलेल्या शंभरांपैकी ८६ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ‘एम्स’च्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीने सांगितले, की देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. दारूचे पुरते व्यसन जडलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला होता. देशात लाख लोकांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नाही आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. ही उणीव केवळ डॉक्टर वाढवून उद्या भरून निघणारी नाही.

येरवड्याची सुरुवात

महाराष्ट्रात या कामाला चेहरा मिळाला तो २९ ऑगस्ट १९८६ रोजी. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे ‘गर्द’, शाळा-कॉलेजातल्या मुलांपर्यंत पोचली होती. डॉ. अनिल अवचटांनी या मुलांमध्ये फिरून लेखन केले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथला उपचार पस्तीस दिवसांचा ठरला. सुरुवातीचे दिवस ‘टर्की’चे. नशा बंद झाली की अंग मोडून येते, घाम फुटतो, हात थरथरतात, झोप उडते. तेवढे निभावले की पुढे गटचर्चा, व्याख्याने, योग, श्रमदान, संगीत.

मुक्तांगणने दोन गोष्टी रुजवल्या, त्या पस्तीस दिवसांहून मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे, बरा झालेला पेशंटच पुढे समुपदेशक होतो. नव्या पेशंटची प्रत्येक थाप त्याने स्वतः कधीतरी मारलेली असते, त्यामुळे त्याच्यापुढे नाटक चालत नाही. दुसरी गोष्ट फॉलोअपची. केंद्रातून घरी गेलेला माणूस ठरलेल्या दिवशी आपल्या शहरातल्या फॉलोअपला येतो, आपण कसे आहोत ते सांगतो, घसरला असेल तर तेही सांगतो. ‘स्लिप’ झाली म्हणजे सगळे पाण्यात गेले असे इथे कोणी मानत नाही. ती आजाराची चाल समजून पुन्हा उभे राहायचे, असा रिवाज आहे. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग, ही याच विचाराची पुढली पावले. बाईच्या हातात ग्लास असतो हे मान्य करायलाच आपल्या समाजाने फार उशीर केला.

याच सुमारास मुंबईत फादर जो परेरा यांचे ‘कृपा फाउंडेशन’ उभे राहत होते. १९८१ मध्ये वांद्र्यात सुरू झालेल्या या कामात ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आणि बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीचा योग यांची सांगड घातली गेली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची चर्चा दवाखान्याबाहेर, शाळांत आणि सभागृहांत आणली. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांच्या कुटुंबांना एकत्र आणण्याचे काम पुण्यात ‘सा’ या संस्थेने केले. तिच्यामागे कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी होते. २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटालाही त्यांचेच पाठबळ होते. हा आजार मराठी प्रेक्षकाने पहिल्यांदा आपल्या माणसाचा आजार म्हणून पाहिला तो बहुधा त्या पडद्यावर.

फी नसलेली बैठक

संस्थांच्या आधीपासून एक व्यवस्था गाजावाजा न करता चालत आली आहे. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे बोलीत ‘एए’. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी बोलू लागले, तिथून ती सुरू झाली. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांत तिच्या बैठका भरतात. पालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, जी जागा मिळेल ती. दिवसाचे काम संपवून माणसे येतात. एकजण उठतो, नुसते पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि दहा मिनिटे बोलतो. बायकोचे मंगळसूत्र गहाण कसे पडले, मुलीच्या शाळेत पिऊन गेलो तेव्हा ती दाराआड कशी लपली. मध्ये कोणी बोलत नाही, नंतर कोणी सल्ला देत नाही. मग दुसरा उठतो. चहा होतो, पिशवी फिरते, ज्याला जमेल तो पैसे टाकतो. नोंदवही नाही, फी नाही, साहेब नाही. न पिण्याचा निश्चय जन्मभराचा करायचा नाही, आजच्या दिवसापुरता करायचा. रात्री तलफ आली तर फोन करायला एक जुना सभासद असतो, त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ याच धर्तीवर चालते.

हे तत्त्व मराठी माणसाला परके नाही. गावोगाव दारू सुटण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे गळ्यात माळ घालणे. माळ घातल्याने सुटते ती केवळ शपथेमुळे नव्हे. माळकऱ्याला सोबत मिळते. संध्याकाळचा हरिपाठ, एकादशी, सप्ताह, आषाढीची वारी, म्हणजे ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे नेमक्या त्याच वेळी बसायला दुसरी जागा असते. माळेच्या माणसाला गावात कोणी आग्रह करत नाही, हा आणखी एक फायदा. गाडगेबाबांच्या कीर्तनांनी तर दारूवर उघड हल्ला चढवला होता. मात्र माळेच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. ज्याला झटके येतात, भास होतात किंवा ज्याच्या दारूमागे खोल नैराश्य आहे, त्याला माळेबरोबर डॉक्टरही हवा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत जीवावर बेतू शकते. हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही.

शेजाऱ्याच्या हातचा उपचार

गेल्या तीन दशकांत जे सर्वांत मोलाचे शिकायला मिळाले, ते गोव्यातून. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘संगथ’ ही संस्था काढली. प्रश्न साधा होता : समुपदेशनाचे काम, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसाला शिकवून करता येईल का? गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी याची रीतसर चाचणी घेतली. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीचा उपचार मिळाला, उरलेल्यांना त्याखेरीज अशा समुपदेशकाबरोबर जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात २६ टक्के सावरले होते, दुसऱ्यात ३६ टक्के. नैराश्यासाठीच्या अशाच चाचणीत हा फरक ३९ विरुद्ध ६४ टक्के असा आला. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशनानंतरही जे पीत राहिले त्यांचे रोजचे प्रमाण घटले नाही आणि पुरते व्यसन जडलेल्यांसाठी हा उपाय मुळात नव्हताच. पण व्यसनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तालुक्याबाहेर न पाठवता, ताप-खोकल्याच्या रांगेतच मदत देता येते, एवढे मात्र सिद्ध झाले.

विदर्भात हाच धागा पुढे गेला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या त्रासाबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि आशाताईंना त्यात गुंतवले.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झालेली ‘आत्मीयता’ तर आता जगापुढे उदाहरण म्हणून ठेवली जाते. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ती घडवली, पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची दखल घेतली. कामाची पद्धत अशी : गावातले ‘मित्र’ आपल्या उठण्या-बसण्यात कोण गप्पगप्प झाले आहे, कोणाच्या घरात रोज भांडण आहे हे हेरतात. प्रशिक्षण घेतलेला ‘चॅम्पियन’ त्या माणसाशी काही बैठकांत बोलतो. मोबाइलवर गावच्या बोलीतल्या छोट्या फिल्म दाखवतो : नवऱ्याची दारू, घरातली मारहाण, बेकारी. आजार मोठा दिसला तर सरकारी दवाखान्यात पोचवतो. आणि पेन्शन किंवा सरकारी योजनेचे कागद अडले असतील तर तेही मार्गी लावायला मदत करतो. शेवटचे काम किरकोळ वाटेल, पण ज्या विधवेचा अर्ज वर्षभर कचेरीत पडून आहे, तिच्या निराशेवर पहिला उपाय तो कागद हलणे हाच असतो.

पुण्याच्या झोपडवस्त्यांत भार्गवी दावर यांच्या ‘बापू ट्रस्ट’ने असेच वस्तीपातळीवर काम केले आणि माणसाला कोंडून उपचार करण्याला ठाम विरोध केला. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे ‘श्रद्धा’ रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी, घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाटली आडवी झाल्यावर

महाराष्ट्रात दारूविरुद्ध सर्वांत मोठी ताकद बायकांनी दाखवली. गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदान होते, त्यात उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. अनेक गावांनी आडवी बाटली निवडून आणली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या उलटसुलट अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली : दुकान बंद झाल्याने पिणाऱ्याचे शरीर बरे होत नाही, आणि उपचार असले तरी दारापुढे गुत्ता असेल तर ते टिकत नाहीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ चालवला, त्याचे महत्त्व इथे आहे. गावाची संघटना मोहसडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहाची फुले, पकडून नष्ट करते आणि त्याच वेळी तालुक्याच्या गावी व्यसनावर उपचार देणारे क्लिनिक चालते. दोन्ही हात एकाच जिल्ह्यात एकत्र चालवण्याचा असा प्रयत्न दुर्मीळच.

अजून काय अडते

कायदा कागदावर चांगला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता ताणाखालचा माणूस समजण्याची भूमिका घेतली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. तरीही ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या जुन्या मनोरुग्णालयांचा आधार घेण्यासाठी आजही माणसे एसटीने दोन-दोन जिल्हे ओलांडतात. ग्रामीण रुग्णालयात या कार्यक्रमाचे पथक येण्याचा वार ठरलेला असतो, पण तो कोणता हे गावात माहीत नसते.

दुसरी अडचण बोगस केंद्रांची. गाडी पाठवून रात्रीतून माणूस उचलून न्यायचा, बांधून ठेवायचा, मारायचे, घरच्यांना भेटू द्यायचे नाही, याला उपचार म्हणत नाहीत. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेट आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही दाखल करू नये. तसेच पिणाऱ्याला न सांगता भाजीत किंवा चहात मिसळण्याची पावडर विकली जाते. दारूशी प्रतिक्रिया करणारे असे औषध अजाणता पोटात गेले आणि वर दारू गेली तर जीव धोक्यात येतो. हा उपाय कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

तिसरी अडचण पैशाची. दारूवरच्या करातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात, आणि जून २०२५ मध्ये करवाढ करताना आणखी चौदा हजार कोटींची अपेक्षा धरली गेली. वर ज्यांचे काम सांगितले ती गावपातळीवरची माणसे मात्र बहुतेक बायका आहेत, आणि त्यांचे काम मानधनावर किंवा फुकट चालते. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्या आशाताईचे स्वतःचे दुःख ऐकायला कोणी नाही. जी सेवा सिद्ध झाली आहे ती स्वयंसेवेच्या भरवशावर सोडणे, ही काटकसर नव्हे, अन्याय आहे.

मागणी अवाजवी नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षण घेतलेला आणि पगार मिळणारा एक समुपदेशक, प्रत्येक तालुक्यात आठवड्याला एक फॉलोअप, आणि या खर्चासाठी दारूच्या करातला ठरावीक हिस्सा. गोवा, अमरावती, पेठ आणि गडचिरोलीने हे जमते ते दाखवून दिले आहे. आता धोरण करणाऱ्यांकडे पुराव्याची सबब उरलेली नाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ची आणि व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, दोन्ही मोफत. हे आकडे आपल्या सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या फळ्यावर लिहा. आणि दारू सोडून घरी परतलेला कोणी ओळखीचा असेल, तर लग्नात, हळदीत, मित्रांच्या पार्टीत त्याला एका घोटाचाही आग्रह करू नका.