द्वारकेहून कच्छच्या रणात : आधी पाण्याचा हिशोब

गुजरातेत कोणी गाव विचारले आणि आम्ही ‘द्वारका’ म्हटले की समोरचा माणूस हात जोडतो. मग सांगावे लागते की बाबा रे, आमची द्वारका समुद्रकाठची नव्हे, नाशिकची. जेथे मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता मिळतो आणि रात्रंदिवस ट्रकांचे भोंगे वाजतात तो चौक. याच चौकातून येत्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमा झाल्यावर, पहाटे चार वाजता आमच्या दोन गाड्या निघणार आहेत. तीन कुटुंबे, अकरा माणसे, आठ दिवस आणि जायचे कोठे, तर कच्छच्या रणात!

हे ऐकून वस्तीतल्या शहाण्या माणसांनी आम्हाला वेड्यात काढले. मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, तुम्ही वाळवंटात कशाला मरायला जाता, असे तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. पण आपल्यासारख्या नोकरदार, कामगार कुटुंबांचे पंचांग वेगळे असते. मुलांच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. कारखान्यातल्या माणसाला सलग आठ दिवस रजा मिळाली तर तीही त्याच सुमारास. हिवाळ्यात धोरडोला रणोत्सव भरतो, हवा छान असते, पण त्या तंबूंचे भाडे आपल्या खिशाला झेपत नाही. तेव्हा जायचे तर उन्हाळ्यातच, आणि उन्हाळ्यात जायचे तर डोके ठिकाणावर ठेवून, असे आम्ही ठरविले आहे. हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. ते एकदा फजिती होऊन आले आहे.

२०२३ सालची फजिती

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही आठ जण एकच भाड्याची जीप घेऊन छोट्या रणाकडे गेलो होतो. कच्छचा प्रदेश नकाशावर पाहावा. दक्षिणेला आखात, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला मोठे रण, पूर्वेला छोटे रण. पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी रणात पसरते तेव्हा हा सारा मुलूख जवळजवळ बेट होतो. पाणी आटले की राहते ती सपाट, भेगाळलेली, खारट जमीन. झाड नाही, दगड नाही, रस्ता नाही. गाडी मन मानेल तिकडे धावते.

याच ‘मन मानेल तिकडे’ने आमचा घात केला. वाटाड्या घेतला तर पैसे जातील म्हणून घेतला नाही. मे महिना आहे, जमीन टणक असणार, असे आम्हीच ठरविले. दुपारी बाराच्या सुमारास आत शिरलो. पाण्याच्या बाटल्या किती होत्या, तर सहा. त्यातल्या दोन पोरांनी अर्ध्या वाटेतच संपविल्या होत्या. चार-पाच किलोमीटर गेलो आणि एका ठिकाणी मागची चाके खचली. वरचा पापुद्रा वाळलेला, खाली काळा, चिकट चिखल. ड्रायव्हरने जोर लावून चाके फिरविली तशी गाडी आणखी रुतली. फोनला रेंज नाही. समोर तळे दिसत होते. ते मृगजळ होते, हे कळायला पाव तास गेला.

दोन तासांत आमच्या मेहुण्यांना चक्कर आली आणि ते असंबद्ध बोलू लागले. त्या वेळी आमच्या घरातल्या बायका जे रडल्या ते अजून कानात आहे. दैवयोग नव्हे, माणुसकी म्हणावी, लांबून मोटारसायकलवर एक अगरिया, म्हणजे मिठागरात राबणारा मजूर, आमच्याकडे आला. त्याने आम्हाला त्याच्या झोपडीत नेले. त्याच्या बायकोने झाकलेल्या पिंपातून पाणी काढून दिले. आम्ही आठ जणांनी ते घटाघटा प्यायलो. मेहुण्यांच्या अंगावर ओली चादर टाकली, वारा घातला, तासाभराने ते शुद्धीवर बोलू लागले.

नंतर कळले की त्या पिंपात टँकरने आणलेले पाणी होते आणि टँकर पुन्हा यायला दोन दिवस होते. त्या बाईने आम्ही कोण, कुठले, कोणत्या जातीचे, काही विचारले नाही. पिंप खाली झाले तरी तिच्या कपाळाला आठी पडली नाही. संध्याकाळी चार माणसांनी फळ्या आणि पोती टाकून जीप बाहेर काढली. पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

त्या रात्री मुक्कामी आम्हाला बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतला बालपणीचा प्रवास आठवला. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली, बैलगाडीतून मध्यरात्रीपर्यंत गेली, जवळ डबा होता पण पाणी नव्हते, आणि जात लपवून मागितले तरी ते मिळाले नाही; शेवटी उपाशी झोपली. ती गोष्ट १९०१ च्या सुमाराची. प्रवासाला निघताना पाण्याचा विचार आधी करावा, हे आपल्या घरांना वास्तविक कोणी शिकवायला नको. तरी आम्ही विसरलो, आणि ज्यांच्याकडे थेंब मोजून पाणी असते त्यांचेच पिऊन आलो.

पाण्याची खतावणी

आम्ही पेशाने कारकून. जमा-खर्चाशिवाय आम्हाला झोप येत नाही. या वेळची पाण्याची खतावणी अशी आहे. उन्हात माणशी दिवसाला सहा लिटर पिण्याचे धरले, तर अकरा माणसांचे सहासष्ट लिटर. हातपाय ओले करणे, स्वयंपाक आणि गाडीचे रेडिएटर यांसाठी वीस. गाडी अडकली आणि रात्र तेथेच काढावी लागली तर आणखी सहासष्ट. एकूण एकशे बावन्न. म्हणजे वीस लिटरचे आठ जार. हे सारे एकाच गाडीत ठेवायचे नाहीत. निम्मे एका गाडीत, निम्मे दुसरीत. गाड्यांची चुकामूक झाली तर एकीत पाणी आणि दुसरीत तहान, असे होऊ नये.

नुसते पाणी पिऊन भागत नाही, कारण घामावाटे मीठही जाते. जीवनरक्षक क्षारांची पाकिटे नसतील तर घरगुती प्रमाण ध्यानात ठेवावे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ जास्त टाकू नये, त्याने अपाय होतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन घोट घ्यावेत.

ऊन कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही

अहमदाबादला मे २०१० मध्ये उष्णतेची भयंकर लाट आली होती. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उन्हाळ्यासाठी खास कृती आराखडा केला. त्याच शहरात २० मे २०१६ रोजी पारा ४८ अंशांवर गेला होता. रणात तर सावलीही नाही. म्हणून आमचा नियम असा : बिनरस्त्याच्या वाटेवर पहाटे साडेपाचला शिरायचे आणि दहाच्या आत डांबरीवर परत यायचे. अकरा ते पाच कोठेही हिंडायचे नाही. लॉजवर किंवा धर्मशाळेत पडून राहायचे.

कोणी बरळू लागले, अंग तापून कोरडे पडले, झोकांड्या जाऊ लागल्या तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्राप्रमाणे गुजरातमध्येही आहे. पण रेंज असेल तरच ती कामाची.

या नियमावरून आमच्या घरी भांडण झाले, तेही सांगतो. आमच्या आईचे वय बहात्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी सांगितले की लघवी वाढविणाऱ्या गोळ्या असतील तर उन्हात शरीर लवकर कोरडे पडते. आई म्हणाली, “मी काय विरघळणार आहे का? जन्मभर उन्हात खडी फोडली.” तिचे खरे आहे. ज्या माणसांनी ऊन अंगावर झेलून आपल्याला शिकविले, त्यांना आपण ऊन सोसवणार नाही असे सांगायचे, हे जिवावर येते. पण सांगावे लागले. तडजोड अशी की आई भुजपर्यंत येईल, मांडवीचा समुद्र पाहील, मात्र रणाच्या दिवशी दोन लहान नातवंडांना घेऊन मुक्कामी थांबेल. गरोदर बाई, हृदयविकाराचा माणूस आणि पाच वर्षांखालचे मूल यांना रणात नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडी आणि वाट

एकच गाडी घेऊन रणात शिरू नये, ही पहिली गोष्ट. दुसरी, वाटाड्या स्थानिकच हवा. कोठे पापुद्रा फसवा आहे हे नकाशा सांगत नाही, तेथला माणूस सांगतो. छोट्या रणात रानगाढवांचे अभयारण्य आहे. तेथे वनखात्याचा परवाना लागतो. धोरडोच्या पांढऱ्या रणाचा परवाना वेगळा. सीमा जवळ असल्याने काही भागात बंदी आहे. जवानांनी थांबा म्हटले की थांबावे, हुज्जत घालू नये.

सामानात फावडे, दोन जाड फळ्या, रिकामी पोती, ओढायचा दोर, दोन स्टेपन्या, हवा भरायचा पंप आणि साधे होकायंत्र. भुसभुशीत जागी टायरमधली हवा थोडी कमी केली की चाक पसरून धरते. डांबरीवर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. चाक रुतले तर ॲक्सिलेटर दाबू नये. उतरून माती उकरावी, फळी सारावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, नाही तर मीठ पत्रा खाते. पावसाचा शिडकावा झाला असेल, तर रण त्या दिवशी रद्द. भिशीचे पैसे गेले तरी रद्द.

आमचा मार्ग असा : पहिल्या दिवशी वणी, सापुतारा, वघईवरून बडोदा. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद, विरमगामवरून पाटडी. तिसऱ्या दिवशी पहाटे छोटे रण, ऊन उतरल्यावर सुरजबारीचा पूल ओलांडून भुज. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात हे शहर कोसळले होते. ते कसे उभे राहिले हे मुलांनी पाहावे. चौथ्या दिवशी खावडा आणि तेथून थेट रणातून काढलेल्या नव्या रस्त्याने धोळावीरा. पाचव्या दिवशी लखपत. १८१९ च्या भूकंपाने सिंधूचे पाणी तुटले आणि हे भरभराटीचे बंदर ओस पडले. तटबंदी मात्र आजही उभी आहे. त्याच तालुक्यात सियोतची कोरीव लेणी आहेत, ती आपल्या मंडळींनी चुकवू नयेत. सहाव्या दिवशी मांडवी आणि मग दोन दिवसांत घर.

यांतही धोळावीरा आमच्या मनात भरले आहे. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी याच कोरड्या बेटावर माणसांनी नगर वसविले. मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी अडवून त्यांनी मोठमोठे हौद बांधले, एकातून दुसऱ्यात पाणी उतरविले. २०२१ साली हे स्थळ जागतिक वारसा ठरले. पाणी कोठे साठवायचे याचा त्यांनी आधी विचार केला, म्हणून ते वाळवंटात शेकडो वर्षे नांदले. आम्ही विचार केला नाही, म्हणून दोन तासांत गुडघे टेकले. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. त्यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी रस्त्यांवर विहिरी खोदल्याचे, झाडे लावल्याचे नमूद आहे. परमुलखातल्या वाटसरूची तहान ही राज्याने वाहायची काळजी आहे, असे त्याने दगडावर लिहून ठेवले.

वाचकहो, आपल्या मुलांना फिरवा. कर्ज काढून नव्हे, दिवाळीपासून दरमहा थोडे बाजूला टाकून फिरवा. हिमतीचे कौतुक पुष्कळ होते, पण वाळवंटात गाडी हिमतीवर चालत नाही, हिशोबावर चालते. आणि मागे फिरायची वेळ आली तर फिरण्यात कमीपणा नाही, हेही मुलांना दाखवा.

आमच्या यादीत जार आठ नाहीत, दहा आहेत. वरचे दोन पाटडीला भरून घ्यायचे आणि त्या झोपडीपर्यंत पोचवायचे. मे अखेरीस अगरिया रण सोडू लागतात. ते कुटुंब भेटेलच असे नाही. भेटले नाही तर जे कोणी तेथे असतील त्यांच्या पिंपात ते ओतायचे. दोन वेळा पाहुणचार घेऊन एकदाही न फेडणारा माणूस आमच्या वहीत थकबाकीदार ठरतो. आमच्या नावावर एक थकबाकी आहे. ती या मे महिन्यात चुकती करायची आहे.